गाणं मोठं होतं कुठे?

2008च्या सप्टेंबरमध्ये मेटॅलिका या अमेरिकी बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला आणि चाहत्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. हीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठीही देण्यात आली होती, आणि गेममध्ये ती सीडीपेक्षा चांगली वाजत होती. गेममध्ये ड्रमचा ठोका अंगावर येत होता, गिटार कितीही कडक असली तरी तिचे सूर वेगळे कळत होते. सीडीवर मात्र सगळं एका पातळीला चेपलेलं आणि जोराच्या जागी चक्क फाटलेलं. लोकांनी दोन्हींचे आलेख संगणकावर शेजारी शेजारी ठेवले. एकात चढउतार दिसत होते, दुसऱ्यात वरून-खालून कापलेला सलग पट्टा. अल्बम पुन्हा मिक्स करा किंवा पुन्हा मास्टर करा, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर दहा हजारांहून अधिक सह्या झाल्या.

शिव्या खाल्ल्या त्या टेड जेन्सन यांनी. न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमधला हा मास्टरिंग इंजिनिअर ईगल्सच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’पासून या धंद्यात नावाजलेला. लाऊडनेसचा शेवटचा खिळा मास्टरिंगमध्येच ठोकला जातो, हे तोवर सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं, त्यामुळे दोषही तिथेच गेला. एका चाहत्याला लिहिलेल्या आणि पुढे सर्वत्र फिरलेल्या उत्तरात जेन्सन यांनी सांगितलं की गाणी त्यांच्या हाती आली तेव्हाच ती चेपून भिंतीसारखी झालेली होती आणि या कामाशी आपलं नाव जोडलं गेल्याचा त्यांना काही अभिमान नाही. बँडचे ड्रमर लार्स उलरिक यांनी अल्बमच्या आवाजाची बाजू घेतली. आवाज त्यांचा, आवडही त्यांची, त्यात वाद नाही.

मास्टरिंगवरच्या या लेखमालेच्या आरंभी त्या उत्तराची आठवण काढण्याचं कारण एवढंच, की एरवी स्टुडिओच्या चार भिंतींत राहणारी गोष्ट तेव्हा हजारो श्रोत्यांना एकदम कळली. गाणं किती मोठं वाजू शकेल, हे मास्टरिंगच्या खोलीत शिरण्याआधी बरंचसं ठरून गेलेलं असतं.

मिक्सिंग आणि मास्टरिंग यांत फरक काय, हे आधी थोडक्यात. मिक्सिंगवाल्यासमोर गाण्याचे सगळे ट्रॅक सुटे असतात: किक ड्रम वेगळा, स्नेअर ड्रम वेगळा, बेस गिटार वेगळी, मुख्य आवाज, कोरस, तंतुवाद्यांचा ताफा. मोठ्या गाण्यात ही संख्या शंभरावरही जाते. त्यातून डाव्या-उजव्या अशा दोन चॅनेलची एक फाइल बनते आणि मास्टरिंगवाल्याकडे सहसा तेवढीच येते. तो तिचा सूर उजळवू शकतो, तळ थोडा आवरू शकतो, अल्बममधली गाणी एकमेकांशेजारी शोभतील अशी बसवू शकतो आणि शेवटी लिमिटर लावून एकूण पातळी वर आणू शकतो. जे काही करायचं ते दोन चॅनेलवर, म्हणजे सगळ्या वाद्यांवर एकदम.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. एखाद्या अभंगाच्या ध्वनिमुद्रणात गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतायत. हा टोचरेपणा साधारण 6 ते 8 किलोहर्ट्झच्या आसपास असतो. टाळांची लकाकीही नेमकी त्याच भागात. मिक्समध्ये हा प्रश्न दोन मिनिटांचा आहे: फक्त गायिकेच्या ट्रॅकवर डी-एसर, म्हणजे ‘स’-‘श’ आवरणारं साधन, लावा, टाळांना हात लावू नका. तसं न करता फाइल पुढे गेली, की मास्टरिंगवाला अडकतो. तो भाग खाली घेतला तर टाळ मातीचे वाजतात. तसाच ठेवला तर लिमिटर लावून पातळी चढवल्यावर ‘श’ आणखी बोचतो, कारण मधल्या शांत जागा आणि बारीकसारीक उच्चार सगळेच वर आलेले असतात. मग तो काय करतो? गाणं दोन-तीन डेसिबल कमी चढवून थांबतो. निर्माता विचारतो, आपलं गाणं बाकीच्यांपेक्षा लहान का वाजतंय? उत्तर एका व्यंजनात दडलेलं असतं.

लाऊडनेसची ही ओढ डिजिटल काळात जन्मली, असा एक समज आहे. पण तबकड्यांच्या जमान्यातही ज्यूकबॉक्समध्ये आपलीच तबकडी दुसरीपेक्षा जोरात वाजावी, म्हणून कंपन्या झटत होत्या. फक्त तिथे मर्यादा खाचेची होती. खर्जाचे सूर खाचेला दूरवर हलवतात, म्हणजे बेस जास्त तर खाच रुंद, खाच रुंद तर एका बाजूवर मिनिटं कमी. आणि डाव्या-उजव्या चॅनेलमधला खर्ज परस्परविरुद्ध दिशेनं हलत असेल, तर खाच खोलीत वरखाली होते आणि सुई उडते. त्यामुळे तबकडी कापणारा माणूस मिक्स ऐकता ऐकताच ओळखायचा, की ही किती जोरात कापता येईल. बेस मधोमध ठेवलेलं, तळ आवरलेलं मिक्स आलं, की त्याचा हात सैल व्हायचा.

1969 मध्ये स्टर्लिंग साउंडमध्येच बॉब लडविग नावाच्या तरुणानं लेड झेपेलिनचा दुसरा अल्बम कापला तो इतका जोरात, की आज त्या पहिल्या छपाईच्या प्रती संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात. तबकडीच्या आतल्या कोऱ्या कड्यावर कोरलेली ‘आरएल’ ही अक्षरं म्हणजे तिची ओळख. पण ती फार काळ बाजारात टिकली नाही. लडविग यांनीच नंतर सांगितलेली हकिकत अशी, की अटलांटिक रेकॉर्ड्सचे प्रमुख अहमत अर्टेगन यांच्या मुलीच्या स्वस्तातल्या प्लेअरवर ही तबकडी उड्या मारू लागली, आणि कंपनीनं ती पुन्हा, कमी जोरात कापून घेतली. तो मूळ आवाज आजही दाद मिळवतो. त्या ध्वनिमुद्रणातच ड्रमभोवती मोकळी हवा आहे, वाद्यं मोजकी आहेत, आणि लडविग यांनी ती दाबली नाहीत.

सीडी आली आणि मर्यादेचं रूप बदललं. 16 बिटच्या फाइलमध्ये एक कमाल आकडा असतो, त्याच्या वर काही लिहिताच येत नाही. ही छताची रेघ, म्हणजे शून्य डेसिबल. सुई उडण्याची भीती गेली, आता फक्त शिखरं छताला लागू द्यायची नव्हती. 1994 मध्ये वेव्ह्ज कंपनीचा ‘एल1’ हा लिमिटर आला. तो येणारं शिखर क्षणभर आधी पाहतो आणि ते छताला धडकण्यापूर्वीच पातळी खाली ओढतो. एक पट्टी खाली सरकवली, की गाणं मोठं. इतकं सोपं साधन हाती आल्यावर कोण थांबतो? पुढची दहा-पंधरा वर्षं रॉक आणि पॉपचे अल्बम वर्षागणिक जास्त मोठे आणि जास्त सपाट होत गेले. 1999 मधल्या रेड हॉट चिली पेपर्सच्या ‘कॅलिफोर्निकेशन’बद्दल, आवाज फाटतो म्हणून, श्रोत्यांनी आजतागायत तक्रार सुरू ठेवली आहे.

पण लिमिटरकडे दोष देऊन भागत नाही, कारण त्याच लिमिटरनं एक गाणं पाच डेसिबल चढतं आणि शोभतं, दुसरं दोन डेसिबलवरच धापा टाकतं. असं का होतं, हे समजायला तळाकडे जावं लागतं.

समजा, गाण्यात मिनिटाला 100 मात्रा आहेत आणि प्रत्येक मात्रेवर किक पडते, म्हणजे दर 600 मिलिसेकंदांनी. किकचा मुख्य जोर 60 हर्ट्झच्या आसपास आहे, आणि बेस गिटारचा सूरही योगायोगानं तिथेच. सारख्या ताकदीचे, एकाच वारंवारतेचे दोन सूर एका फेजमध्ये भेटले, की मिळून होणारी लहर दुप्पट उंच होते, म्हणजे 6 डेसिबलनं वाढते. हे भौतिकशास्त्र आहे, यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. आता प्रत्येक मात्रेला हे शिखर छताला भिडतं. लिमिटर हा दारावरचा असा पहारेकरी आहे, की उंच माणूस आला तर तो त्याच्यासोबतच्या सगळ्यांनाच वाकायला लावतो. किक-बेसच्या शिखरासाठी पातळी पाच डेसिबल खाली ओढली, की त्याच क्षणी गायकाचा आवाज, गिटार, तंतुवाद्यं, सगळंच पाच डेसिबल खाली जातं आणि पुढच्या दोनशे-तीनशे मिलिसेकंदांत हळूहळू वर येतं. वर येतंय न येतंय तोच पुढची किक. ऐकणाऱ्याला तांत्रिक काही कळत नाही, पण गाणं श्वास लागल्यासारखं वरखाली होतंय, हे जाणवतं.

आणि गंमत अशी, की एवढी जागा खाणारा तो खर्ज कानाला मोठाही वाटत नाही. बेल प्रयोगशाळेतल्या हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये माणसाच्या कानाचा जो आलेख मांडला, त्यातून हे स्पष्ट झालं. हळू पातळीला 50 हर्ट्झचा सूर 1000 हर्ट्झच्या सुराइतका मोठा वाटावा, तर त्याला 30 डेसिबलहून जास्त ज्यादा ताकद लागते. कान सर्वांत तीक्ष्ण असतो 2 ते 5 किलोहर्ट्झच्या भागात, जिथे माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं, स्नेअरचा कडकपणा, गिटारच्या नखीचा स्पर्श असतो. म्हणजे तळाला 30-40 हर्ट्झवर नुसता घरघरणारा कचरा राहिला, कुणी माइकच्या स्टँडला पाय लावला, सिंथच्या खालच्या टोकाला कुणी कापलंच नाही, तर तो ऐकू न येता छत व्यापतो. फोनच्या स्पीकरवर तर तो भाग वाजतच नाही. सातारा-कोल्हापूरकडच्या मिरवणुकीत ‘डॉल्बी’च्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसाला तो छातीत जाणवेल, पण त्या भिंतीला वीज किती लागते, हेही तिथल्या जनरेटरवाल्याला विचारावं.

यावर मिक्सिंगवाल्याकडे कितीतरी उपाय असतात, मास्टरिंगवाल्याकडे जेमतेम एखादा. मिक्समध्ये किकला 60च्या आसपास राहू देऊन बेसचा जोर 100च्या वर सरकवता येतो, किंवा उलट. साइडचेन लावून किक पडताच बेसला क्षणभर मागे सरकवता येतं. बेसमध्ये थोडं सॅच्युरेशन घालून त्याचे वरचे स्वरांश जागे करता येतात, म्हणजे लहान स्पीकरवरही बेस ‘आहे’ असं वाटतं आणि छतही व्यापलं जात नाही. एवढ्या कामातून शिखर तीन डेसिबलनं खाली आलं, तर पूर्ण गाणं तीन डेसिबल चढतं, तेही लिमिटरला जास्तीचा एक घामाचा थेंब न गाळायला लावता.

तळाखालोखाल गर्दी होते ती 200 ते 500 हर्ट्झच्या पट्ट्यात. गिटार, पियानो, हार्मोनियम, पुरुषी आवाज, तंतुवाद्यांचा मध्यभाग, सगळ्यांनाच तिथे घर करायचं असतं. जवळच्या वारंवारतेचा जोरकस सूर दुसऱ्या सुराला झाकतो, त्यामुळे मिक्सिंगवाला गायकाचा आवाज वर करतो, मग गिटार दिसेनाशी होते, ती वर करतो, मग पुन्हा आवाज. तासाभरात सगळे फेडर वर गेलेले आणि ऐकू काहीच नीट येत नाही. अनुभवी माणूस अशा वेळी कापतो. गिटारचा खालचा भाग कापला तर ती एकटी ऐकताना पातळ, किरटी वाटते, नवख्याला हे सहन होत नाही. पण गाण्यात ती अचूक बसते. तालवाद्यांचं गणित याहून वेगळं. ढोलकीची थाप क्षणभराची असते, तिचं शिखर उंच आणि सरासरी कमी. हार्मोनियमचा सूर भरलेला, शिखर आणि सरासरी यांत अंतर थोडं. लावणीत ढोलकी उघडी, कडक हवी, हे बरोबरच आहे. पण तिच्या प्रत्येक थापेवर पूर्ण गाणं दबू नये, याची सोय ढोलकीच्या ट्रॅकवरच करावी लागते.

संगीत संयोजनाचाही यात वाटा आहे, आणि तो मिक्सिंगवाल्याच्याही आधीचा. पाच वाद्यं एकाच सप्तकात एकच ओळ वाजवत असतील, तर कुठलाही फेडर ती वेगळी करू शकत नाही.

मिक्सबद्दल एक सल्ला सर्रास दिला जातो: मास्टरिंगसाठी 6 डेसिबल हेडरूम, म्हणजे छताखालची मोकळी जागा, सोडा. सल्ला चुकीचा नाही, पण त्याचा अर्थ लोक भलताच काढतात. मास्टर फेडर सहा डेसिबल खाली घेऊन फाइल पाठवली, म्हणजे हेडरूम सोडली असं होत नाही. आधीच चेपलेलं मिक्स हळू वाजवलं तरी चेपलेलंच राहतं. 24 बिटच्या फाइलला पातळी कमी असण्यानं काही बिघडत नाही आणि जास्त असण्यानं काही साधत नाही. पाहायचं असतं ते शिखर आणि सरासरी यांमधलं अंतर, ते जिवंत आहे की नाही.

ते मरतं कसं, हेही जाणून घेण्यासारखं आहे. मिक्स चालू असताना निर्मात्याला ऐकवण्यासाठी इंजिनिअर मास्टर बसवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे, लिमिटर लावतो. मोठं वाजलं की पटकन मंजुरी मिळते, ही सर्वांना ठाऊक असलेली युक्ती. निर्माता ती फाइल गाडीत, फोनवर महिनाभर ऐकतो आणि त्या आवाजाची त्याला सवय होते. मग लिमिटर काढून मिक्स मास्टरिंगला पाठवलं, तर परत आलेलं मास्टर त्याला मिळमिळीत वाटतं. लिमिटरसह पाठवलं, तर जेन्सन यांची गत. या पेचात कोणा एकाची चूक काढता येत नाही. पण पेच मास्टरिंगच्या खोलीबाहेर तयार होतो, हे मात्र खरं.

‘डेथ मॅग्नेटिक’नंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर 2008 मध्ये, गन्स एन’ रोझेसचा ‘चायनीज डेमोक्रसी’ आला. मास्टरिंग बॉब लडविग यांचं. त्यांनी कमी-अधिक दाबलेल्या तीन आवृत्त्या पाठवल्या आणि ॲक्सल रोझ व सहनिर्मात्यानं सर्वांत मोकळी निवडली. कित्येक वर्षं रखडलेल्या आणि थरावर थर चढवलेल्या त्या अल्बमबद्दल मतं काहीही असोत, निवडायला मोकळी आवृत्ती शिल्लक होती, कारण मिक्समध्येच ती मारलेली नव्हती. पाच वर्षांनी डाफ्ट पंकचा ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ आला, मिक्सिंग मिक गुझॉस्की यांचं, मास्टरिंग पुन्हा लडविग यांचं. बेस आणि किक दोन्ही ठसठशीत, तरी कुठे एकमेकांना धक्का नाही. 2014 मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

मधल्या काळात मोजमापाची पद्धतही बदलली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं 2006 मध्ये लाऊडनेस मोजण्याचं एक प्रमाण ठरवलं, आणि 2010 मध्ये युरोपियन प्रसारकांच्या संघटनेनं त्यावर आधारून प्रक्षेपणाची पातळी उणे 23 लफ्सला बांधली; लफ्स हे या मापाचं एकक. हे माप शिखरं मोजत नाही, कानासारखं ऐकतं: अगदी खालचा खर्ज कमी धरतं आणि साधारण 2 किलोहर्ट्झच्या वरच्या भागाला चार डेसिबलचं झुकतं माप देतं. पुढे संगीताच्या ॲपनी याच मापाचा आधार घेतला. स्पॉटिफाय आणि यूट्यूबची पातळी आज उणे 14 लफ्सच्या आसपास आहे, ॲपल म्यूझिकची उणे 16. उणे 9ला दाबलेलं गाणं स्पॉटिफाय पाच डेसिबल खाली आणतं. शेजारचं, उणे 14चं मोकळं गाणं आहे तसंच वाजतं. दोन्ही सारखी मोठी झाली, पण पहिल्याचे गेलेले ठोके काही परत येत नाहीत.

यावरून आता मिक्सचं महत्त्व कमी झालं, असं कुणी म्हणेल. उलट ते उघडं पडलं. पूर्वी वाईट मिक्स निदान जोरात वाजून वेळ मारून नेत असे. आता सगळी गाणी एका पातळीला आल्यावर फरक उरतो तो वाद्यं सुटी कळण्याचा आणि ठोका लागण्याचा.

याला अपवाद आहेत, आणि ते मनमोकळेपणानं मान्य करायला हवेत. नृत्यसंगीताचे कितीतरी निर्माते उणे 8च्याही वर जातात आणि ते छान वाजतं. डाफ्ट पंकच्याच 2000 सालच्या ‘वन मोअर टाइम’मध्ये किकसरशी सगळं गाणं दबून उसळतं, ती धाप तिथे मुद्दाम घेतलेली आहे. पण ही मंडळी लाऊडनेस शेवटी लिमिटरकडून मागत नाहीत. प्रत्येक ट्रॅकचं शिखर त्या त्या ट्रॅकवरच छाटलेलं असतं, बेस किकला वाट देतो, एका वेळी मोजकेच आवाज पुढे असतात. फाइल मास्टरिंगला जाते तेव्हा तिथे करायला फारसं उरलेलं नसतं.

म्हणूनच जाणते मास्टरिंगवाले मिक्सिंगवाल्याकडून दोन फाइली मागवतात, एक मास्टर बसवरच्या लिमिटरसह आणि एक त्याच्याविना. पहिली सांगते गाणं ऐकणाऱ्यांना कशाची सवय झाली आहे, दुसरीवर काम होतं. दोन्ही एका पातळीला आणून ऐकल्या जातात, आणि बऱ्याचदा एकही यंत्र सुरू करण्याआधी फोन लावला जातो: किक दीड डेसिबल खाली घे, बेसचा 40च्या खालचा भाग कापून टाक, आणि नवी फाइल पाठव.